मुद्दाम चुकवलेलं दार

दुपारी दोनला परीक्षक येणार होत्या आणि साडेबाराला माझं दार उघडत नव्हतं.

दाराला कुलूप नव्हतं, कडी नव्हती. मागच्या बाजूला बोटाएवढी लाकडी खिट्टी होती, ती मी स्वतःच्या हाताने फिरवली. आता दाराने आपोआप, सावकाश, आतल्या बाजूला उघडायला पाहिजे होतं. गावी, कुरवंड्याला, माझ्या अंगणात ते तसं कितीतरी वेळा उघडलं होतं. इथं विद्यापीठाच्या स्टेजवर आल्यावर मात्र रुसलेल्या जावयासारखं चौकटीला धरून बसलं.

"आबा, खिट्टी निघाली का?" प्रज्ञाने पुढून विचारलं.

"निघाली."

"मग?"

"मग काय मग. थांब जरा."

मी सुतार आहे. शाळा चौथीपर्यंत, त्यातली चौथी दोनदा. पण लोणावळ्या-खंडाळ्याच्या बंगल्यांना मी उभा जन्म दारं बसवली. माझ्या हातच्या दाराची एक ओळख आहे. ते जिथं सोडाल तिथं थांबतं. अर्धं उघडं ठेवलं तर अर्धंच राहील, घाटातलं वारं आलं तरच हलेल. याचं कारण ओळंबा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. दोरी वरून सोडली की ती सरळ खाली जाते. तिच्याइतका सरळ माणूसही नसतो. चौकट त्या दोरीला लावून उभी केली की वरची बिजागरी आणि खालची बिजागरी एका रेषेत येतात आणि दार आपल्या जागी राहतं. चौकट जरा कलली की दार कललेल्या अंगाला पळतं. आपोआप हलणारं दार दिसलं की समजायचं, सुतार कच्चा होता.

आणि प्रज्ञाला नेमकं तसंच दार पाहिजे होतं.

प्रज्ञा ही बाळूची मुलगी. बाळू मूळचा आंदर मावळातला, लोणावळ्यात एका बंगल्यावर वॉचमन. त्या बंगल्याचं पुढचं दार माझंच. आमच्याकडे रीत आहे, घराची चौकट उभी राहिली की मालक सुताराला टॉवेल-टोपी आणि नारळ देतो. मजुरी वेगळी, हा मान वेगळा. त्या दिवशी मुंबईचा मालक आलाच नाही. चौकट उभी राहिली तेव्हा तिथं मी आणि नवीनच कामाला लागलेला बाळू, दोघंच. त्याने मला चहा करून दिला. पुढे त्याच बंगल्याच्या मागच्या खोलीत प्रज्ञा लहानाची मोठी झाली, आणि आता ती विद्यापीठात नाटकाचं एम.ए. करत होती. आधुनिक नाटक आणि रंगभूमी, असं ती म्हणायची.

नाटकात एवढं शिकण्यासारखं काय असतं, ते मला कळत नव्हतं. गावच्या जत्रेतल्या नाटकाला मी दरसाल सिंहासन करून द्यायचो. राजा कसाही बोलला तरी सिंहासन कधी मोडलं नाही. माझा नाटकाशी संबंध एवढाच.

तर ही प्रज्ञा महिनाभर आधी स्कूटीवरून कुरवंड्याला आली. मी अंगणात रंधा मारत होतो.

"आबा, एक दार पायजे."

"कुटल्या खोलीला?"

"खोली न्हाई. निस्तं दार. चौकटीसकट, मोकळं उभं राह्यलं पायजे."

"घर न्हाई तर दार कशाला?"

"नाटकाला." मग तिने मला समजावलं. "आमाला शिकवत्यात की स्टेजवर सगळं घर उभं करायची गरज न्हाई. एकच वस्तू अशी ठिवायची, की बघनाऱ्यानं बाकीचं घर आपल्या मनात बांधलं पायजे."

"म्हंजे सुताराचं काम लोकांवर ढकलायचं."

ती हसली. पण हसून विषय सोडणारी ती मुलगी नव्हे. तिने नाटक सांगितलं. तिनेच लिहिलेलं होतं. एक वॉचमन, एक बंद दार. तो वर्षानुवर्षं दाराबाहेर बसलाय. दर शनिवारी मालक येतील म्हणून पाणी तापवून ठेवतो, मालक येत नाहीत. शेवटी बंगला विकला जातो. वॉचमन किल्ल्या उंबऱ्यावर ठेवतो आणि निघून जातो. तो गेल्यावर दार आपोआप उघडतं. नाटक संपलं.

"कोन उघडतं?"

"कोनच न्हाई."

"भूत?"

"भूत दाखवलं तर लोक हसतील, आबा."

"मग कशापाई उघडतं?"

"ते मला बी अजून नीट सांगता येत न्हाई," ती म्हणाली. "पन उघडलं पायजे येवढं ठाऊक हाय."

त्यांनी आधी नायलॉनचा दोरा बांधून बघितला होता. तिने मोबाईलवर दाखवलं. लाईट पडला की दोरा चमकत होता, आणि एकदा तर वॉचमनचं काम करणारा ओंकार त्यात अडकून आडवा झाला होता. म्हणून तिला माझ्याकडून कललेलं दार पाहिजे होतं.

"मग दुसरा सुतार बघ," मी म्हटलं. "आपोआप उघडनारी दारं करनारे लय हाईत लोणावळ्यात. माझ्या हातनं आजवर तसं दार झालं न्हाई."

हे वाक्य पुरं होतंय तोवर माझ्यामागे गोठ्याचं दार कर्रकन उघडलं आणि बोकड बाहेर आलं.

"बोकड चाललं बघा," घरातून आमची बायको म्हणाली. तिला बघावंही लागत नाही, आवाजावरून कळतं.

प्रज्ञा दाराकडे बघत राहिली.

"ते मी चौदाव्या वर्षी केलंय," मी म्हटलं. "पयलं दार माझं. वडलांनी दुरुस्त करू दिलं न्हाई. म्हनले, रोज बघ आनि रोज लाज वाटू दे. ते गेल्यावर मीच न्हाई हात लावला."

"तेच पायजे मला," ती म्हणाली. "आबा, तुमाला चूक कशी करायची ते येतंय. बाकीच्या सुतारांच्या हातनं नुसतीच व्हती."

मला हे बोलणं आवडलं, खोटं कशाला सांगू.

तिच्यासाठी यात काय होतं, तेही तिने जाता जाता सांगितलं. एम.ए.च्या शेवटी प्रत्येकाने एक नाटक स्वतः बसवून दाखवायचं असतं. बाहेरून परीक्षक येतात. त्यात नापास झालं की वर्ष गेलं. आणि बाळूने बजावून ठेवलं होतं, वर्ष गेलं तर नाटकही गेलं. देहूरोडच्या डेपोत मामाने नोकरीसाठी शब्द टाकलेला होता.

मी कामाला लागलो. पेट्यांचं पाइन लाकूड घेतलं, हलकं असतं. घराचं दार आतल्या अंगाला उघडतं, म्हणून चौकट आत, म्हणजे स्टेजच्या मागच्या बाजूला, कलायला पाहिजे. कलली तरी पुढून सरळ दिसली पाहिजे. वरची बिजागरी मी खालचीपेक्षा तीन सूत मागे घेतली. आठ सुतांचा एक इंच, त्यातलं तीन सूत. दोन सुताला दार अडखळत होतं, चार सुताला धावत होतं. तीनला असं उघडायचं, जसं एखादं म्हातारं माणूस खुर्चीतून उठतं. चौकट उभी राहावी म्हणून खाली चार-चार फुटांच्या दोन आडव्या पाट्या, पुढून मागे.

प्रज्ञा बघायला आली. अंगणात दार उघडताना बघून तिने तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "आबा, एकदा हॉल बघायला या. स्टेजला जरासा उतार हाय."

"उतार मला सांगती? अगं, नागफणीच्या पायथ्याला जन्म गेला माझा. डोंगरावर घरं बांधली मी. जमीन ती जमीन."

आठ दिवसांनी तिने फोनवर पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, तू नाटक बघ, दार माझ्यावर सोड.

आणि आता ते दार उघडत नव्हतं.

मी ओळंबा काढून चौकटीला लावला. दोरी बघितली आणि घोटाळा कळला. माझी तीन सुतं मागच्या अंगाला होती. स्टेज पुढे, प्रेक्षकांकडे उतरत होतं, चार फुटाला चांगला एक इंच. स्टेजच्या एका इंचाने माझी तीन सुतं खाऊन टाकली होती. चौकट आता पुढे कलली होती. दार उघडेल कसं?

प्रज्ञाचे सर स्टेजवर चढून आले. चाळिशीतला शांत माणूस. म्हणाले, "स्टेजला रेक आहे ना, म्हणजे उतार. मागचा नट पुढच्याच्या आड झाकला जाऊ नये म्हणून असतो. प्रज्ञा, सुतारकाकांना सांगितलं नव्हतंस का?"

तिने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मला कुनी सांगितलं न्हाई."

का म्हटलं, ते आजही मला नीट सांगता येत नाही. पन्नास वर्षांची सवय. दार चुकलं की गवंड्याची चूक काढायची.

प्रज्ञाने एकदा माझ्याकडे बघितलं. मग सरांना म्हणाली, "सर, माझंच राहिलं सांगायचं."

सरांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी खाली बसून पाटीकडे बघत राहिलो. तिने माझ्यावर आवाज चढवला असता तर मी पिशवी उचलून निघून गेलो असतो, एवढा मी हट्टी आहे. तिने तसं केलं नाही. आता जायचं कुठं?

"आबा," ती शेजारी येऊन हळूच म्हणाली, "व्हईल का?"

"व्हईल."

उपाय साधा होता. पाट्यांची पुढची टोकं एक इंच उचलायची, की चौकट पुन्हा अंगणात होती तशी होईल. उरलेल्या लाकडाच्या मी पाचरी काढल्या. पाचर म्हणजे एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ असा तुकडा, खाली सारायचा. पाचरी सारल्या, खिट्टी फिरवली, दार उघडलं. मुलं टाळ्या वाजवायला लागली.

"टाळ्या मागनं," मी म्हटलं. "ए, तुझं काम कर. टेक दाराला."

ओंकार नाटकात बसतो तसा उंबऱ्यापाशी बसला आणि चौकटीला पाठ टेकवली. पाचर गुळगुळीत फळीवरून सटकली आणि चौकट त्याच्यासकट हलली. खिळा ठोकायची परवानगी नव्हती. तिथल्या माणसाने आल्या आल्याच सांगितलं होतं, स्टेजला एक भोक पडता कामा नये.

तेव्हा दीड वाजला होता. पिशवीत पॉलिश पेपर होता, लाकूड घासायचा. मी त्याची दुहेरी घडी केली, खरबरीत बाजू बाहेर, आणि प्रत्येक पाचरीखाली एक घडी घातली. खालून फळीला धरलं, वरून पाचरीला धरलं. ओंकारला पुन्हा टेकायला लावलं. चौकट हलली नाही, पण मागची टोकं किंचित सरकल्यासारखी वाटली.

"मागं वजन पायजे," मी म्हटलं.

"वाळूच्या पिशव्या आहेत," सर म्हणाले.

"वाळूला काय कळतंय? मी बसतो."

उंबऱ्याखाली फट दिसत होती, तिथं प्रज्ञाने पायपुसणं सारलं. मग मला माझा क्यू सांगितला. क्यू म्हणजे इशारा, कुठल्या आवाजावर काय करायचं ते. "किल्ल्या ठिवल्याचा आवाज येईल. मग ओंकारची पावलं मोजायची. सात झाली की खिट्टी. आधी न्हाई आनि मागनं न्हाई."

"सात," मी म्हटलं. चौथी दोनदा केली असली तरी सातपर्यंत येत होतं.

दोन वाजता परीक्षक मॅडम आल्या. मागून एक माणूस आला आणि तिसऱ्या ओळीच्या कडेला बसला. गणवेशाची खाकी पँट, वर घरचा शर्ट. बाळू. अर्ध्या दिवसाची रजा काढून आला होता.

मी दाराच्या मागे, बिजागरीच्या बाजूला, काळ्या कापडाआड पाटीवर बसलो. लाईट गेले, लाईट आले. मला काहीच दिसत नव्हतं. सगळं नाटक मी लाकडातून ऐकलं.

मी आजवर कितीतरी दारांच्या बाहेर उभा राहिलो, पण दाराच्या आत बसून बाहेरच्या माणसाचं बोलणं ऐकायची पाळी पहिल्यांदाच आली. ओंकार पुण्याचा, पण बोलत होता आंदर मावळातलं. "पानी तापवलंय सायेब. आज न्हाई आला तर उद्या गार व्हईल, मग परत तापवीन." लोक हसले. नंतर तेच वाक्य पुन्हा आलं, तेव्हा कमी हसले. तिसऱ्यांदा कोणीच हसलं नाही. मला तेव्हा थोडं कळलं, ही मुलगी तिथं काय शिकत होती. आम्ही रंधा जसा मारतो, एकाच जागी तीनदा, दर वेळी थोडं आणखी पातळ, तसंच होतं ते.

किल्ल्या वाजल्या. मी बोट खिट्टीवर ठेवलं. एक, दोन, तीन. ओंकार चालताना पाय ओढत होता. पाच. सहा. सात.

खिट्टी फिरवली.

दार हललं नाही.

एक श्वास गेला. मी मनात म्हटलं, एवढं एक उघड, बाकी जन्मभर सरळच राहिलेत तुझे भाऊबंद. आणि मग ते निघालं. आवाज नाही, घाई नाही. म्हातारं माणूस उठतं तसं.

दार माझ्या अंगावर येत होतं, म्हणून मला पुढचं दिसेना. पण बिजागरीपाशी फट पडते, तिच्यातून तिसरी ओळ दिसत होती. बाळू खुर्चीतून उठून उभा राहिला होता. हात अंगालगत, पाय जुळवलेले. बंगल्याचं दार उघडलं की उभं राहायचं, ही त्याची तीस वर्षांची सवय. आत कोणी नाही हे दिसल्यावरही तो काही वेळ तसाच उभा होता. मग लाईट गेले.

नाटक झाल्यावर तिथंच प्रश्नोत्तरं झाली. प्रज्ञा स्टेजवर एकटी उभी, समोर मॅडम आणि सर. मी अजून कापडाआडच होतो. गुडघे धरले होते, उठता येईना.

मॅडम म्हणाल्या, "नाटक मला आवडलं. शेवट तर फारच. पण सर म्हणाले की सेट आज दुपारी कसाबसा जुळवला. स्टेजला रेक आहे हे तुम्ही सुताराला सांगितलंच नव्हतं. ही दिग्दर्शनाची परीक्षा आहे. दार उघडलं नसतं तर तुमच्याकडे शेवट नव्हता. याचे मार्क मला कापावे लागतील."

"हो मॅडम," प्रज्ञा म्हणाली.

मी दार धरून उठलो आणि त्याच दारातून बाहेर आलो. दुसरी वाट नव्हती.

"तिनं सांगितलं व्हतं," मी म्हटलं.

मॅडम दचकल्या. "तुम्ही कोण?"

"सुतार. दोनदा सांगितलं तिनं. एकदा तोंडावर, एकदा फोनवर. मी म्हनलं जमीन ती जमीन. आनि मघाशी सरांच्या म्होरं खोटं बोललो. मार्क कापायचे तर माझे कापा."

"तुमचे कसे कापणार, काका? तुम्ही परीक्षेला बसलेले नाही."

"बसलो व्हतो की. तासभर. त्या पाटीवर."

सर हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. मग प्रज्ञाला विचारलं, "तुम्ही हे सरांना का सांगितलं नाही?"

"मॅडम, आबा उठून गेले असते," प्रज्ञा म्हणाली, "तर दार कोणी दुरुस्त केलं असतं? तेव्हा दीड तास होता. मला दार पाहिजे होतं."

मॅडमनी सरांकडे बघितलं. "हेसुद्धा दिग्दर्शनच," असं काहीसं म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. लिहिता लिहिता मला म्हणाल्या, "काका, असं आपोआप उघडणारं दार तुमच्या धंद्यात चूकच ना?"

"चूकच. पन हितं चूकच पायजे व्हती. बरोबर केलं असतं तर चुकलं असतं."

प्रज्ञा पास झाली, चांगल्या मार्कांनी. देहूरोडची नोकरी मामाच्या मुलाला मिळाली. ती आता पुढचं शिकते आणि शाळांमधून मुलांची नाटकं बसवते. ते दार विद्यापीठाच्या सामानाच्या खोलीत आहे. दरसाल कुणी ना कुणी वापरतं म्हणे, आणि पाचरी कुठं घालायच्या ते तिने पाटीवर खडूने लिहून ठेवलंय.

त्या दिवशी हॉलच्या बाहेर बाळू माझी वाट बघत उभा होता. हातात पिशवी. "आबा, थांबा," म्हणाला, आणि त्यातून नवा टॉवेल आणि पांढरी टोपी काढली.

"हे कशाला रे?"

"बंगल्याच्या दाराचं ऱ्हाऊन गेलं व्हतं. सायेब आले न्हाईत, मी नवा व्हतो, मला सुचलं न्हाई. नारळ न्हाई आनला, आमच्यात करत न्हाईत."

"नारळ आमच्या घरी लय हाईत," मी म्हटलं. टॉवेल त्याने माझ्या खांद्यावर टाकला, टोपी मी स्वतः घातली. जुनी खिशात ठेवली.

अजून मी काम करतो. गोठ्याचं दार अजून तसंच उघडतं, बोकड अजून बाहेर येतं. फरक एवढाच पडला, की आता कुणी दार सांगायला आलं तर मी माप विचारत नाही. आधी चपला घालतो आणि म्हणतो, चला, जागा दाखवा.